रेषा जेथे अक्षांना भेटते



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या हाताखाली गणिताची मुळाक्षरे गिरविण्याचे भाग्य ज्यांना लाभले, त्या आम्हा विद्यार्थ्यांपैकी एकास आज या व्यासपीठावर उभे राहण्याचा मान आपण दिलात, याबद्दल मी प्रथम आपले मनःपूर्वक आभार मानतो. विषय निवडण्याची मुखत्यारी चालकांनी माझ्याकडेच सोपविली तेव्हा, प्रसंगाच्या गांभीर्यास शोभेल असा एखादा विशाल विषय घ्यावा, असे क्षणभर मनात आले. परंतु गुरुजींचे स्मरण करू लागलो की डोळ्यांपुढे उभे राहते ते शाळेचे पटांगण, त्यावर फक्कीने आखलेल्या दोन पांढऱ्या रेषा, आणि त्या रेषांच्या आधाराने त्यांनी आम्हांस विचारलेला एक अगदी लहानसा प्रश्न. तो प्रश्न शाळेच्या क्रमिक पुस्तकातला आहे, आणि तो सोडविण्यास दोन ओळी पुरतात. मात्र त्याचा अर्थ उमगण्यास मला निम्मे आयुष्य लागले, म्हणून आजच्या व्याख्यानास मी तोच विषय घेतला आहे. सरळ रेषा निर्देशक अक्षांना कोठे छेदते, हे कसे काढावे, आणि काढल्यावर त्याचे काय करावे, हा तो विषय होय.

त्या दिवशी गुरुजींनी आम्हांस वर्गात बसूच दिले नाही. फाटकापासून विहिरीकडे जाणारी एक पूर्व-पश्चिम रेषा आणि तिला ध्वजस्तंभापाशी काटकोनात छेदणारी दुसरी दक्षिणोत्तर रेषा त्यांनी आखून ठेवली होती. आम्हा मुलांना त्यांनी पटांगणात मन मानेल तेथे उभे राहण्यास सांगितले, आणि मग प्रत्येकाकडून दोन संख्या वदवून घेतल्या: ध्वजस्तंभापासून पूर्वेस किंवा पश्चिमेस किती पावले, आणि उत्तरेस किंवा दक्षिणेस किती पावले. पूर्व आणि उत्तर या दिशा धन, पश्चिम आणि दक्षिण या ऋण, असा नियम ठरला. सर्वांचे पत्ते याप्रमाणे नोंदवून झाल्यावर त्यांनी एका मुलास पूर्व-पश्चिम रेषेवरच नेऊन उभे केले आणि विचारले, "बाळ, तू या रेषेपासून उत्तरेस किती दूर आहेस?" मुलाने आपल्या पायांकडे पाहिले आणि म्हटले, "गुरुजी, मी तर रेषेवरच आहे." "मग दूर किती?" "शून्य." गुरुजी म्हणाले, "हे उत्तर विसरू नकोस. जो रस्त्यावरच उभा आहे तो रस्त्यापासून किती लांब, एवढे ज्याला कळले, त्याला आजचा सगळा धडा आला."

खरोखरच सगळा धडा एवढ्यात येतो. आडव्या रेषेस आपण क्ष-अक्ष म्हणतो, उभ्या रेषेस य-अक्ष म्हणतो, आणि जेथे दोन्ही मिळतात त्या ध्वजस्तंभाच्या जागी आरंभबिंदू मानतो. क्ष-अक्षावरील प्रत्येक बिंदूची उंची, म्हणजे य-निर्देशक, शून्य असते, आणि य-अक्षावरील प्रत्येक बिंदूचा क्ष-निर्देशक शून्य असतो. आता समजा, तीन क्ष अधिक चार य बरोबर बारा हे एका रेषेचे समीकरण आहे. याचा अर्थ असा की, ज्या बिंदूंच्या निर्देशकांनी ही अट पाळली जाते तेवढेच बिंदू त्या रेषेचे सभासद, आणि बाकीचे सारे परके. ही रेषा क्ष-अक्षाला जेथे भेटते तो बिंदू दोन्हीकडचा सभासद असला पाहिजे: रेषेची अट त्याने पाळावयाची, आणि अक्षाची अटही पाळावयाची. अक्षाची अट य शून्य असण्याची, म्हणून समीकरणात य च्या जागी शून्य घातले की तीन क्ष बरोबर बारा उरते, आणि क्ष चार येतो. त्याचप्रमाणे क्ष शून्य मानला की चार य बरोबर बारा, आणि य तीन. रेषा आडव्या अक्षास आरंभबिंदूपासून चार घरांवर छेदते आणि उभ्या अक्षास तीन घरांवर. या दोन अंतरांना आपण त्या रेषेचे आंतरछेद म्हणतो. सबंध समीकरणास बाराने भागले तर क्ष भागिले चार अधिक य भागिले तीन बरोबर एक असे त्याचे रूप होते, आणि आपले दोन्ही आंतरछेद रेषा जणू दारावरच्या पाटीवर लिहून ठेवते.

या ठिकाणी एक घोटाळा हमखास होतो, आणि तो मी माझ्या स्वतःच्या वहीत आणि पुढे शिक्षक झाल्यावर असंख्य विद्यार्थ्यांच्या वह्यांत पाहिला आहे. क्ष-अक्षावरचा बिंदू काढावयाचा म्हटले की मूल क्ष लाच शून्य करून मोकळे होते. नावात क्ष आहे, म्हणून क्ष वर हात टाकावा, असा तो भाबडा तर्क असतो. अशा वेळी "क्ष-अक्षासाठी य शून्य, य-अक्षासाठी क्ष शून्य" असे घोकून घेण्याची रीत शाळाशाळांतून रूढ आहे. परंतु घोकलेली गोष्ट परीक्षेच्या घाईत उलटीही आठवू शकते, आणि ती उलटली हे कळण्यास घोकणाऱ्यापाशी काही साधन नसते. ज्याने एकदा रेषेवर उभे राहून "मी तर रेषेवरच आहे" असे म्हटले, त्याच्यापाशी मात्र ते साधन कायमचे असते.

सर्वच रेषा इतक्या सरळपणे उत्तर देत नाहीत, आणि ज्या देत नाहीत त्यांपासून शिकण्यासारखे अधिक असते. य बरोबर पाच ही रेषा घ्या. ती क्ष-अक्षाला कोठे भेटते, हे पाहण्यासाठी य च्या जागी शून्य घातले तर शून्य बरोबर पाच असे विधान हाती येते. मूल अशा वेळी गोंधळून आपली चूक शोधू लागते, पण चूक कोठेच नसते. ही रेषा अक्षाशी समांतर धावते, ती त्याला कधीच भेटत नाही, आणि ही गोष्ट अंकगणिताने आपल्या भाषेत निक्षून सांगितलेली असते. उलट, य बरोबर दोन क्ष या रेषेस विचारले तर दोन्ही अक्षांसाठी एकच उत्तर मिळते: आरंभबिंदू. दोन छेदबिंदू काढून त्यांतून पट्टी ठेवून रेषा ओढण्याची सोय येथे संपते, कारण दोन्ही बिंदू एकमेकांत विलीन झालेले असतात, आणि रेषेची दिशा कळण्यासाठी तिच्यावरचा आणखी एखादा बिंदू शोधावा लागतो. आणि जी रेषा स्वतःच क्ष-अक्ष आहे तिला हाच प्रश्न केला तर शून्य बरोबर शून्य असे उत्तर येते, म्हणजे सर्वच बिंदू सामाईक. तात्पर्य, एकच कृती, आणि तिची उत्तरे तीन प्रकारची: एक भेट, भेटच नाही, अथवा संपूर्ण एकरूपता. दोन सरळ रेषांचा एकमेकींशी याहून चौथा संबंध एका प्रतलात संभवत नाही.

ही विद्या आली कोठून, याचा थोडा मागोवा घेणे अप्रस्तुत होणार नाही. रने देकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने १६३७ साली हॉलंडमधील लायडन नगरीत आपला विचारपद्धतीवरील विख्यात प्रबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच्या परिशिष्टात भूमितीच्या प्रश्नांना बीजगणिताची भाषा दिली. त्याच सुमारास तुलूझ येथील न्यायासनावर बसणाऱ्या प्येर द फर्मा या दुसऱ्या फ्रेंच पुरुषाने, पहिल्या घाताच्या समीकरणाचा मार्ग सरळ रेषा असतो, ही गोष्ट स्वतंत्रपणे लिहून ठेवली होती. पण त्याचे ते लेखन त्याच्या मृत्यूनंतर, १६७९ साली, छापले गेले. आज आपण ज्या दोन अक्षांची काटकोनी चौकट कागदावर काढतो ती मात्र या दोघांपैकी कोणीही या स्वरूपात काढली नाही. त्यांच्यापाशी एकच पायाची रेषा होती, तिच्यावर एक राशी मोजावयाची आणि तिच्यापासून दुसरी राशी उभी करावयाची, एवढीच त्यांची मांडणी. आणि ऋण बाजूकडे मोकळेपणाने जाण्याचीही त्यांची रीत नव्हती. दोन्ही अक्ष आणि त्यांच्या धन-ऋण अशा दोन्ही बाजू यांचा पद्धतशीर वापर न्यूटनने त्रिघाती वक्रांवरील आपल्या ग्रंथात केला, आणि तो ग्रंथ १७०४ साली प्रसिद्ध झाला. "रेषा उभ्या अक्षास कोठे भेटते" हा आपला साधा शालेय प्रश्न, म्हणजे, उभा अक्ष कल्पनेत येईपर्यंत विचारताच येण्याजोगा नव्हता.

असे असले तरी, या प्रश्नाच्या पोटात जी दोन तत्त्वे आहेत, म्हणजे ऋण दिशा आणि प्रमाण, त्यांची ओळख या भूमीस फार पूर्वीच झालेली होती, आणि ती ओळख करून देणारा एक थोर पुरुष आपल्याच सह्याद्रीच्या परिसरातला होता. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये शून्य, धन आणि ऋण या राशींच्या व्यवहाराचे नियम सांगितले, त्यांचा वारसा भास्कराचार्यांकडे आला. शके १०३६ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इसवी सन ११५० मध्ये, सिद्धांतशिरोमणीची रचना केली, आणि 'लीलावती' हा तिचाच एक भाग. भास्कराचार्यांनी निर्देशक भूमिती शोधून काढली असा दावा मी करीत नाही. पूर्वजांच्या पदरी जे नव्हते ते बांधू पाहणे हा त्यांचा गौरव नव्हे. परंतु लीलावतीतील दोन उदाहरणे मी आपणापुढे ठेवतो, आणि निवाडा आपणांवरच सोपवितो.

पहिले उदाहरण त्रिकोणाचे. एका त्रिकोणाच्या दोन भुजा दहा आणि सतरा, आणि भूमी, म्हणजे पाया, नऊ. शिरोबिंदूपासून खाली टाकलेला लंब भूमीचे जे दोन खंड पाडतो, त्यांना जुन्या गणितात आबाधा म्हणतात. भास्कराचार्यांच्या रीतीने हिशेब केला तर एक आबाधा पंधरा येते आणि दुसरी ऋण सहा. नऊ लांबीच्या भूमीत पंधराचा खंड मावणार कसा, आणि लांबी ऋण असणार कशी? एखादा कच्चा गणिती येथे उत्तर अशक्य ठरवून मोकळा झाला असता. भास्कराचार्य सांगतात की, आबाधा ऋण येणे म्हणजे ती उलट दिशेस असणे. लंब भूमीच्या आत पडतच नाही. भूमीची रेषा वाढविली असता तो बाहेर, सहा अंतरावर पडतो. ताळा घ्या: दहाच्या वर्गातून सहाचा वर्ग वजा केला तर चौसष्ट, सतराच्या वर्गातून पंधराचा वर्ग वजा केला तरीही चौसष्ट, आणि लंब दोन्हीकडून आठच. एका रेषेवर आरंभबिंदूच्या अलीकडे ऋण आणि पलीकडे धन, ही जी गोष्ट आम्ही फक्कीच्या रेषेवर शिकलो, ती या उदाहरणात पुरती उभी आहे.

दुसरे उदाहरण छायेचे, आणि ते तर आपल्या विषयाचे साक्षात चित्रच होय. जमिनीपासून साडेतीन हात उंचीवर दिवा आहे. त्याच्या पायथ्यापासून तीन हातांवर बारा अंगुळांचा, म्हणजे अर्ध्या हाताचा, शंकू, म्हणजे छाया मोजण्याची खुंटी, उभा आहे. त्याची छाया किती लांब पडेल? भास्कराचार्यांची रीत अशी: शंकूला मधल्या अंतराने गुणा, आणि दिव्याच्या उंचीतून शंकू वजा करून येणाऱ्या संख्येने भागा. अर्धा गुणिले तीन म्हणजे दीड, साडेतीन वजा अर्धा म्हणजे तीन, आणि दिडास तिनाने भागले की अर्धा हात, अर्थात बारा अंगुळे. आता हेच चित्र आपल्या अक्षांवर मांडा. दिव्याची समई हा य-अक्ष, जमीन हा क्ष-अक्ष, आणि समईचा पायथा हा आरंभबिंदू. दिव्याची ज्योत उभ्या अक्षावर साडेतीनवर आहे, शंकूचे टोक तीन हात पुढे आणि अर्धा हात वर आहे, आणि या दोन बिंदूंतून जाणारा प्रकाशकिरण ही आपली सरळ रेषा. तीन हात पुढे जाताना किरण तीन हात खाली उतरला, म्हणून त्याचे समीकरण क्ष अधिक य बरोबर साडेतीन. उंची शून्य केली की क्ष साडेतीन येतो. किरण जमिनीला साडेतीन हातांवर मिळतो, शंकू तीन हातांवर आहे, छाया अर्धा हात. ज्योत हा उभ्या अक्षावरचा छेदबिंदू, आणि छायेचे टोक हा आडव्या अक्षावरचा. रेषा अक्षाला कोठे छेदते, हे ज्याला मुलांस दाखवावयाचे आहे त्या शिक्षकाने समई पेटवावी, एक काठी उभी करावी, आणि सावलीच्या टोकाशी बोट ठेवावे. भास्कराचार्यांनी याच प्रकरणी म्हटले आहे की, भगवंताने जसे सारे विश्व व्यापिले आहे तसे हे गणित त्रैराशिकाने व्यापिले आहे. आणि सरळ रेषेचे समीकरण हे त्रैराशिकाचेच दुसरे रूप असल्यामुळे, त्या वचनाची सत्यता आपल्या या विषयातही पदोपदी पटते.

आता दिव्याच्या खोलीतून शेताच्या बांधावर येऊ. मुंबई इलाख्यात १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांच्या हातून ज्या पैमाशीस आरंभ झाला, तिने या प्रांतातील शेतकऱ्याचा सारा, त्याची हद्द आणि त्याचे खाते यांस निश्चित स्वरूप दिले. त्या मोजणीचे साधन साखळी आणि शंकू. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. येथला शंकू मात्र लीलावतीतला नव्हे. काटकोन साधून देणाऱ्या उपकरणासच मोजणीदारांच्या बोलीत हे जुने नाव चिकटले होते. मोजणीदार शेतातून एक पायारेषा धरीत असे, तिच्यावर साखळीने अंतर मोजीत जाई, आणि बांधाचा कोपरा काटकोनात आला की तेथून डावीकडे किंवा उजवीकडे लंब मोजून टिपणात लिहीत असे. देकार्त आणि फर्मा यांनी कागदावर जे केले तेच हा माणूस उन्हात, ढेकळांतून चालत करीत असे.

समजा, एका सरळ बांधाचे एक टोक पायारेषेवर दोन साखळ्यांपाशी डावीकडे तीन साखळ्यांवर आहे, आणि दुसरे टोक आठ साखळ्यांपाशी उजवीकडे सहा साखळ्यांवर आहे. तो बांध पायारेषेस कोठे ओलांडतो? लंबांचे प्रमाण तिनास सहा, म्हणजे एकास दोन. मधले सहा साखळ्यांचे अंतर याच प्रमाणात वाटले तर दोन आणि चार असे भाग पडतात, म्हणून ओलांडा चार साखळ्यांवर. मोजणीदाराने तेथे जाऊन पाहावे, बांध त्याच्या पायाखालीच असेल. परंतु याच रेषेला दुसराही प्रश्न विचारता येतो: पायारेषेच्या आरंभी, जेथे साखळीची मोजणी शून्य आहे, तेथे ती डावीकडे किती दूर असेल? हिशेब सांगतो, सहा साखळ्या. हिशेबात चूक नाही. पण बांध तर दोन साखळ्यांपाशीच सुरू होतो. त्याच्या अलीकडे तो नाही, तेथे कदाचित दुसऱ्याचे शेत असेल, कदाचित ओढा असेल. कागदावर वाढविलेल्या रेषेच्या जोरावर कोणी तेथे हद्दीचा दगड रोवला तर कोणतीही कचेरी तो मान्य करणार नाही, आणि करूही नये.

श्रोतेहो, माझ्या सांगण्याचा गाभा येथे आहे. रेषेचे आपल्या अक्षांशी असलेले दोन्ही छेद एकाच कृतीने निघतात, दोन्ही कागदावर सारखेच टळटळीत दिसतात. परंतु एक जमिनीवर असतो आणि दुसरा केवळ कागदावर. समीकरणास यांतला भेद ठाऊक नसतो. तो ठाऊक करून घेण्याची जबाबदारी, ज्याने समीकरण मांडले त्या माणसाची असते. न्यायालयाच्या परिभाषेत बोलावयाचे तर, ज्या टापूत प्रत्यक्ष मापे घेतली त्या टापूबाहेर रेषा वाढवून मिळविलेला छेदबिंदू हा एक दावा होय, आणि दाव्याचा निकाल पुराव्याशिवाय लागत नाही.

मात्र यावरून, प्रत्यक्षाच्या पलीकडे रेषा वाढवूच नये, असा निष्कर्ष कोणी काढील तर तोही मोठी हानी करून घेईल. विज्ञानाच्या इतिहासातील एक अत्यंत उदात्त प्रकरण अशाच वाढविलेल्या रेषेचे आहे. वायू तापविला की फुगतो आणि निवविला की आकसतो. फ्रान्समधील गे-ल्युसाक याने १८०२ साली दाखवून दिले की, दाब कायम ठेवला तर निरनिराळे वायू सारख्या उष्णतामानवाढीत सारख्याच प्रमाणात फुगतात. त्याच्या मापाप्रमाणे बर्फाच्या अंशापासून पाण्याच्या उकळीच्या अंशापर्यंत ही वाढ मूळ आकारमानाच्या हजारी ३७५ होती. पुढे रेन्यो याने अधिक काटेकोर प्रयोग करून ती हजारी ३६६ च्या आसपास आणून ठेवली. आता आडव्या अक्षावर उष्णतामान आणि उभ्या अक्षावर आकारमान मांडा. शून्य अंशास आकारमान एक, म्हणून उभ्या अक्षावरचा छेद एक. शंभर अंशांस आकारमान एक पूर्णांक ३६६ सहस्रांश. या दोन बिंदूंतून रेषा ओढा, तिला डावीकडे, शून्याच्या खाली, वाढवा, आणि ती आडव्या अक्षाला कोठे मिळते ते पाहा. शंभरास हजारी ३६६ ने भागले की २७३ येतात, म्हणजे छेदबिंदू उणे २७३ अंशांवर. गे-ल्युसाकच्या मापाने तोच उणे २६७ च्या जवळ पडला असता. एका लहानशा भागाकारातील अंकांत एवढासा फरक पडताच दूरचा छेदबिंदू सहा अंशांनी सरकतो. मापे जेथे घेतली तेथून छेदबिंदू जितका दूर, तितका मापातल्या चुकीचा परिणाम वाढत जातो, हीही शिकवण त्यातून घ्यावी.

या बिंदूवर वायूचे आकारमान शून्य व्हावे, असे रेषा सांगते. पण तेथे कोणी गेलेले नव्हते, आणि वायुरूपात कोणताही पदार्थ तेथवर टिकणारही नव्हता. प्राणवायू उणे १८३ अंशांवरच द्रव होतो. हायड्रोजनला ड्यूअर याने १८९८ साली उणे २५३ च्या सुमारास द्रवरूप दिले. आणि सर्वांत हट्टी असा हेलियम १९०८ साली कामरलिंग ओन्नेस याने उणे २६९ अंशांवर द्रव केला, तोही लायडन नगरीतच, जेथे देकार्तचा ग्रंथ २७१ वर्षांपूर्वी छापला गेला होता. सर्व रेषा, म्हणजे, छेदबिंदूपर्यंत पोचण्याआधीच तुटतात. बांधाच्या उदाहरणाप्रमाणे हाही बिंदू कागदीच म्हणून फेटाळावा काय? नाही, कारण येथे पुरावा निराळा आहे. एका वायूचे थोडे प्रमाण घ्या, दुसऱ्याचे पुष्कळ घ्या, रेषांचे चढ निरनिराळे येतात, उभ्या अक्षावरचे छेद निरनिराळे येतात, परंतु आडव्या अक्षाला त्या साऱ्या जवळजवळ एकाच ठिकाणी भेटतात. एकमेकांची ओळख नसलेल्या अनेक साक्षीदारांनी एकच जबानी द्यावी, तसे हे आहे. शिवाय १८४८ साली विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन, याने उष्णतायंत्रांच्या मीमांसेवरून, कोणत्याही एका पदार्थाच्या गुणधर्मावर न विसंबणारे उष्णतामानाचे निरपेक्ष माप सुचविले, आणि ते माप पुढे पक्के झाले तेव्हा त्याचे शून्य याच ठिकाणी पडले. आज ते उणे २७३.१५ अंश मानले जाते. ज्या बिंदूपर्यंत कोणताही वायू पोचला नाही, त्या बिंदूपासून आज जगातले सारे शास्त्रज्ञ उष्णतामान मोजतात. पटांगणावरील ध्वजस्तंभ उचलून आरंभबिंदूच नव्या जागी नेला, असे म्हणावे लागेल.

दोन उदाहरणे, दोन छेदबिंदू, आणि दोन भिन्न निकाल. हिशेब दोहोंत सारखाच बिनचूक होता. फरक पडला तो पुराव्याने. आपल्या शाळांतून हा विषय शिकविताना हिशेबाचा भाग आपण कसोशीने करून घेतो, आणि निकालाचा भाग जवळजवळ सोडूनच देतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. य शून्य करा, क्ष काढा, बिंदू लिहा, दोन गुण घ्या, असा तास संपतो. तो बिंदू काय सांगतो, हे मुलास कोणी विचारीत नाही. पाण्याच्या टाकीची पातळी दर तासाला सारखीच घटत असेल, तर उभ्या अक्षावरचा छेद हा सकाळी टाकीत किती पाणी होते ते सांगतो आणि आडव्या अक्षावरचा छेद टाकी केव्हा रिकामी होईल ते सांगतो. पण दुपारी कोणी नळ सोडला तर दुसरा छेद खोटा ठरतो, आणि पहिला खराच राहतो. फेडीच्या कर्जाची बाकी, मेणबत्तीची उरलेली उंची, उसाच्या गुऱ्हाळातील सरपणाचा साठा, या साऱ्यांच्या रेषा मुलांच्या डोळ्यांपुढे रोज उतरत असतात. त्यांचे दोन छेद काढून, यांतला कोणता मानावा आणि का मानावा, एवढे जो मुलगा किंवा जी मुलगी सांगू शकेल, त्याला वा तिला गणित आले असे मी म्हणेन.

शिकविण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, चाळीसगावाजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केल्याची नोंद त्यावर आहे, आणि त्या मठास बाजारपेठेच्या उत्पन्नातून जी नेमणूक करून दिली तिचा तपशील शेवटी मराठी भाषेत कोरलेला आहे. सुमारे आठशे वर्षांपूर्वी या प्रदेशाच्या बाजारात माल विकणाऱ्या माणसाच्या व्यवहारातून गणिताच्या पाठशाळेसाठी वाटा निघत होता, ही गोष्ट मला कोणत्याही ताम्रपटातील विजयवर्णनापेक्षा मोठी वाटते. गणित हे त्या लोकांनी केवळ पंडितांचे धन मानले नव्हते. गावाने पोसावे असे ते मानले होते.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो, त्या गुरुजींस कोणत्याही मठाची नेमणूक नव्हती. मूठभर फक्की आणि शाळेचे पटांगण एवढ्यावर त्यांनी आम्हांस शिकविले, आणि ज्या उत्तरासाठी त्यांनी तो तास खर्ची घातला ते एका शब्दाचे होते. माझी आपणां सर्व शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एकच विनंती आहे. हा धडा शिकवाल तेव्हा मुलांना आधी बाहेर न्या, त्यांना रेषेवर उभे करा, आणि शून्य हे उत्तर त्यांच्या तोंडून येऊ द्या. मग आत येऊन समीकरण मांडा, छेदबिंदू काढा, आणि फळा पुसण्यापूर्वी त्यांना विचारा की, हा बिंदू खरोखर आहे काय, आणि असेल तर कशावरून.